युरोप म्हणजे नक्की कुठला युरोप?

परवा फोंड्यात एका शालेय वक्तृत्व स्पर्धेत एका मुलीने ठणकावून सांगितलं, 'युरोपची लोकसंख्या ४५ कोटी, आपण त्यांच्या तिप्पट!' परीक्षकांनी माना डोलावल्या. मुलीला दोष नाही. हाच आकडा असलेलं एक चित्र व्हॉट्सअॅपवर फिरतंय. त्यात नकाशा रशियातल्या उरल पर्वतापर्यंत, म्हणजे अख्खा खंड, रंगवलाय आणि खाली आकडा मात्र युरोपियन युनियनचा.

युनियन म्हणजे २७ देश, लोक साधारण ४५ कोटी. खंड म्हणजे जवळपास ७४ कोटी. ब्रिटन, युक्रेन, स्वित्झर्लंड, नॉर्वे, सर्बिया आणि उरलच्या अलीकडचा रशिया, एवढी माणसं त्या चित्रातून गायब! खंड धरला तर आपण तिप्पट नाही, जेमतेम दुप्पट भरतो. आणि युनियनची हद्द बदलतही असते. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला आणि एका रात्रीत सहा कोटींहून जास्त माणसं हिशेबातून गेली. खंड होता तिथेच आहे.

गोव्यात तरी हे पटकन कळायला हवं, कारण आपलीही हद्द बदललीय. १९८१ च्या जनगणनेत गोवा, दमण आणि दीव मिळून १०.८७ लाख होते. ३० मे १९८७ ला आपण वेगळं राज्य झालो आणि १९९१ ला एकट्या गोव्याची मोजणी ११.७० लाख आली. हे दोन आकडे शेजारी ठेवले तर दहा वर्षांत वाढ आठ टक्क्यांच्याही आत दिसते. पण १९८१ चा नुसत्या गोव्याचा आकडा १०.०८ लाख होता. तो घेतला की वाढ निघते १६ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. पाणी, रस्ते, शाळा यांचं नियोजन असल्या आकड्यांवर होतं, म्हणून मला याचा राग येतो.

पोर्तुगीज पासपोर्टच्या मागे लागलेल्या आपल्या पोरांनाही हा फरक कुणीतरी नीट समजावला पाहिजे. पोर्तुगाल १९८६ पासून युनियनमध्ये आहे, त्या बळावर आपली माणसं ब्रिटनमधल्या स्विंडनला जाऊन राहिली. आता नव्याने जाणाऱ्याला त्या पासपोर्टवर युनियनमधल्या आयर्लंडच्या डब्लिनमध्ये राहून काम करता येतं, लंडनमध्ये नाही. तिथे राहून काम करायला व्हिसा लागतो. 'युरोपचा पासपोर्ट आहे, कुठेही चालतो' असं सांगून कुणी पैसे मागितले, तर आधी देशाचं नाव विचारा.