साडेतेरा हजार पौंड ओढणारा ट्रक आणि पाच माणसांचं कुटुंब

आम्ही ॲरिझोनात राहतो. मार्च उजाडला, तळ्यांवर गर्दी सुरू झाली, की इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला. थोडक्यात असा: "मोठ्या बोटीला हेवी ड्यूटी ट्रक लागतो हा डीलरांनी उभा केलेला बागुलबुवा आहे. आजचा हाफ-टन ट्रक १३,५०० पौंड ओढतो. २६ फुटी बोट भरते साडेसहा हजार. ब्रेक कंट्रोलर ट्रकमध्येच येतो. फोर बाय फोर बर्फातल्या लोकांसाठी. एवढं सांगूनही धाकधूक असेल, तर थ्री-क्वार्टर टन डिझेल घ्या, डोळे झाकून."

सहा वाक्यं. (हाफ-टन आणि थ्री-क्वार्टर टन ही पिकअप ट्रकांच्या वर्गांची नावं; दुसरा जास्त दणकट, तोच हेवी ड्यूटी. ब्रेक कंट्रोलर म्हणजे ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधून लावायची सोय.) डीलरांबद्दलचं मी सोडून देतो, त्यांची बाजू घेण्याइतकं माझं त्यांच्यावर प्रेम नाही. बाकीचं बघू.

आधी बोटीचं वजन. साडेसहा हजार हा कॅटलॉगातला आकडा, तोही कोरडा. तळ्यावर कोरडी बोट कोणी नेत नाही. ८५ गॅलनची टाकी भरली की पेट्रोलचेच ५०० पौंडांवर जातात, कारण गॅलनला सहा पौंड धरावे लागतात. पिण्याचं पाणी २० गॅलन, म्हणजे आणखी १६५. नांगर, साखळी, दोन बॅटऱ्या, लाइफ जॅकेटं, दोऱ्या, मुलांची ट्यूब यांचे चारशे धरा. आणि ही बोट ज्याच्यावर बसणार तो ट्रेलर? तो मेसेजमध्ये कुठेच नाही. या मापाच्या बोटीचा दोन ॲक्सलचा ट्रेलर सहज १,८०० पौंडांचा असतो. झाले ९,४००. काही बोटींच्या कॅटलॉगात तर मागची आउटबोर्ड इंजिनंही वजनात धरलेली नसतात; तळटीप वाचावी.

"मग काय झालं, ९,४०० म्हणजे १३,५०० च्या आतच की," असं कोणीतरी म्हणणारच. खरी गंमत इथेच आहे.

१३,५०० हा आकडा खोटा नाही. फोर्ड एफ-१५० च्या २०२४ च्या मॉडेलला कंपनीने तो दिला होता. पण तो एका विशिष्ट ट्रकचा आहे: ठरावीक इंजिन, ठरावीक ॲक्सल रेशो, टोइंग पॅकेज. तुमच्या दारात उभा असलेला ट्रक तोच असेल असं नाही. हे आकडे ज्या चाचणीतून येतात तिचं नाव एसएई जे२८०७ (एसएई ही मोटार इंजिनिअरांची संस्था), आणि तिची चढण आमच्याच राज्यात आहे. डेव्हिस डॅमपासून गोल्डन व्हॅलीकडे जाणारा रूट ६८, अकराएक मैलांचा चढ, उन्हाळ्याची काहिली, एसी फुल. त्यात ट्रकने ताशी ४० मैलांच्या खाली यायचं नाही. चाचणी कडक आहे, शंकाच नाही. फक्त त्या ट्रकमध्ये माणसं दोनच धरलेली असतात, प्रत्येकी १५० पौंडांची. मागच्या सीटवर आजी नाही, कूलर नाही, कुत्रा नाही.

हे का महत्त्वाचं, ते बैलगाडी पाहिलेल्याला चटकन कळेल. गाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त भरला की सगळा भार बैलांच्या मानेवर. ट्रेलरचंही तसंच. ट्रकच्या मागे ट्रेलर अडकवायचा जोड म्हणजे हिच; त्याच्या बॉलवर जो भार येतो तो टंग वेट. बोटीच्या ट्रेलरला तो एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के ठेवतात. फार कमी ठेवला तर हायवेवर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. आपल्या ९,४०० ला नऊ टक्के धरले तर साडेआठशे पौंड. हे वजन ट्रक ओढत नाही, पाठीवर वाहतो.

आणि तुमच्या ट्रकने पाठीवर किती वाहायचं हे ब्रोशरात नसतं, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पिवळ्या पट्टीच्या स्टिकरवर असतं. माझ्या जुन्या हाफ-टनवर १,४८० पौंड होतं. आम्ही पाच जण मिळून ७००, बर्फाचा कूलर नि पिशव्या १५०, टंग वेट ८५०. बेरीज १,७००. म्हणजे ओढण्याच्या हिशेबात चार हजार पौंड शिल्लक आणि वाहण्याच्या हिशेबात दोनशेवीस जास्त, एकाच वेळी. ही बेरीज मी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवली, तर बायको म्हणाली, "मग आईंना घरी ठेवायचं की बोट?" जितका ट्रक महागडा, काचेचं छप्पर, चामड्याच्या सीट, तितका हा आकडा खाली येतो, हे मला तरी उशिराच कळलं.

हिचच्या रिसीव्हरवर, म्हणजे बंपरखालच्या चौकोनी खोबणीवर, आणखी एक स्टिकर असतं. त्यावर बहुधा दोन आकडे असतात, साध्या बॉलचा लहान आणि वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचा (टंगचा भार पुढच्या-मागच्या चाकांवर वाटून देणाऱ्या हिचचा) मोठा. जाहिरातीत मोठाच छापतात. बोटीच्या ट्रेलरच्या सर्ज ब्रेकबरोबर (ते काय, लगेच सांगतो) ते हिच नेहमी जमतंच असं नाही.

ब्रेक कंट्रोलरचं म्हणाल तर तो बऱ्याच ट्रकांमध्ये येतो, खरं आहे. पण तो चालतो इलेक्ट्रिक ब्रेकवर. बोटीचा ट्रेलर दर खेपेला पाण्यात बुडतो, म्हणून त्याला बहुतेक वेळा हायड्रॉलिक सर्ज ब्रेक असतात: ट्रकने वेग कमी केला की ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने कपलरमधला (ट्रेलरचा जो भाग बॉलवर बसतो त्यातला) पिस्टन दाबला जातो. ट्रकमधल्या बटणाला त्यात काही काम नाही. लांब उतारावर ट्रेलर सतत रेटत राहतो आणि ब्रेक तापतात. तिथे आपला घाटातला नियमच उपयोगी, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. कंट्रोलर वापरायचाच असेल तर ट्रेलरवर इलेक्ट्रिक-ओव्हर-हायड्रॉलिक यंत्रणा (विजेच्या इशाऱ्यावर हायड्रॉलिक ब्रेक लावणारी) बसवून घ्यावी लागते.

फोर बाय फोरबद्दल एवढंच: बोटीच्या रॅम्पवर एकदा अर्धा तास उभे राहा. मागची चाकं शेवाळावर, पुढची कोरड्यावर, आणि टू-व्हील ड्राइव्हवाला ट्रक नुसता रबर जाळतोय.

राहिलं डोळे झाकून डिझेल. उतारावर त्याचा एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) म्हणजे सुख आहे, यात वाद नाही. पण डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कित्येकशे पौंड जड. बऱ्याच थ्री-क्वार्टर टन ट्रकांचं माणसं-सामानासकट एकूण वजन कागदावर १०,००० पौंडांना बांधलेलं असतं, त्यामुळे जड इंजिनाचं वजन थेट वाहण्याच्या आकड्यातून कापलं जातं. काहींच्या दारावर दोन हजारांच्या आसपासच पौंड उरतात, आणि शेजारीच उभा असलेला पेट्रोलवाला तीन हजार दाखवतो. आपल्या २६ फुटीला, महिन्यातून दोनदा नेणार असाल तर, मी पेट्रोलवाला थ्री-क्वार्टर टन घेईन. वर्षातून दोनदाच नेणार असाल तर ट्रक बदलूच नका. बोट तळ्याकाठच्या स्टोरेजमध्ये ठेवा.

आणि पुढच्या वेळी हा मेसेज पाठवायच्या ऐवजी तुमच्या ट्रकच्या दारावरच्या स्टिकरचा फोटो पाठवा. घरात माणसं किती तेही लिहा. बेरीज मी करून देतो.