शकुंतला इंग्रजांच्या मालकीची नाही

‘मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी शकुंतला रेल्वे आजही ब्रिटिशांच्या मालकीची आहे. सरकार तिला ताब्यात घ्यायला विसरलं, म्हणून दरवर्षी कोटीभर रुपये इंग्लंडला जातात.’ हा मजकूर वर्षानुवर्षं मोबाइलवर फिरतोय. आपली वऱ्हाडातली माणसंही तो पुढे पाठवतात, याचं फार वाईट वाटतं.

मालकीचं आधी बघू. हे रूळ सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे. तिच्यामागची किलिक निक्सन ही १८५७ साली मुंबईत सुरू झालेली इंग्रज पेढी, हे खरं. पण स्वातंत्र्यानंतर ती भारतीय हातांत आली. गाडी चालवणाऱ्या रेल्वेशी झालेल्या करारात जो वाटा ठरला, तो मुंबईतल्या कंपनीचा. तो लंडनला जात नाही.

सरकार विसरलं, हेही पटण्यासारखं नाही. रूळ कंपनीचे आणि गाडी चालवणारे दुसरे, अशी ही जुनीच व्यवस्था. गाडी चालवायची आधी जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, मग १९५१ पासून मध्य रेल्वे. अशी ही एकटीच होती असंही नाही. बार्शी लाइट रेल्वे सरकारने १९५४ मध्ये विकत घेतली. बंगालमधली हावडा-आमता तर १९७१ मध्ये बंद पडेपर्यंत खासगीच राहिली.

मँचेस्टरचं १९२१ चं इंजिन शेवटपर्यंत धावलं, असंही सांगतात. ते १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं, त्याजागी डिझेल आलं.

खरं दुखणं त्या करारातच होतं. रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची. मग रुळांखालचे स्लीपर कोणी बदलायचे, पूल कोणी दुरुस्त करायचे? माझ्या मते कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगावची स्टेशनं या प्रश्नानेच मारली. कापसाच्या गाठी मुख्य लाइनवर पोचवायला बांधलेली ही अडीच फुटी लाइन. गाठी ट्रकवर गेल्या, वेग ताशी वीसेक किलोमीटरवर आला, स्टेशनांवर माणसं उरली नाहीत आणि गार्डच तिकिटं देऊ लागला. तरीही एसटीचं भाडं न परवडणारी माणसं तिनेच जात, आणि आता कित्येक वर्षं तीही बंद आहे.

हे सगळं इंग्रजांच्या माथी मारलं की जाब विचारायला कोणी उरत नाही. वर्ध्याहून कळंबपर्यंत ब्रॉडगेज २०२४ मध्ये आली, पुढे ती यवतमाळला जायची आहे. पण त्या रुळांवर दर्यापूर किंवा अंजनगाव येत नाही. शकुंतलेच्या मार्गाचं ब्रॉडगेज कधी करणार, हे रेल्वे मंत्रालयाला आणि आपल्या खासदारांना विचारा.