राउटरवाले काका

रविवारी गंगापूर रोडला पाऊण तास ताटकळून मिसळ समोर आली, तर्री ओतली आणि फोन वाजला. "साइट पडली." नाशकात रविवारच्या मिसळीवरून माणसाला उठवणं हा खरं तर दखलपात्र गुन्हा हवा. पण चिवडेवाल्या शेठची वेबसाइट सांभाळायचा वर्षाचा करार माझा. उठलो.

दुकानात शेठच्या आधी त्यांचे मेव्हणे भेटले. बँकेतून निवृत्त, चष्मा कपाळावर, मोबाईल हातात.

"काही पडलेली नाही. माझ्याकडे चालू आहे."

"काका, तो कालपासून उघडा राहिलेला टॅब आहे. रिफ्रेश करून बघा."

"चालू असलेलं कशाला बिघडवू? राउटर बंद करून चालू केलात?"

"काका, सर्व्हर मुंबईत आहे."

"असेना. वायर इथूनच जाते ना?"

मी लॅपटॉप उघडून सर्व्हरवर शिरतोय, तोवर काकांनी प्लग उपटला. माझं कनेक्शन गेलं. "दहा आकडे मोजायचे," ते सांगू लागले, "पाचच मोजले तर त्याला कळत नाही." आणि मोठ्यानं मोजायला लागले. सातवर गिऱ्हाईक आलं, पाव किलो मका चिवडा बांधून दिला, आणि मोजणी पुन्हा एकपासून.

मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून परत शिरलो. दुखणं साधं होतं. साइटची ओळख ब्राउझरला पटवणारं, लेट्स एन्क्रिप्ट ह्या संस्थेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. सर्टबॉट ह्या नूतनीकरणाच्या प्रोग्रामनं ते मुदतीच्या महिनाभर आधी इमानदारीत नवं आणून डिस्कवर ठेवलेलं. पण गिऱ्हाइकांना पानं पाठवणाऱ्या एनजिनएक्स ह्या प्रोग्रामला कुणी उठवलंच नाही, तो मेमरीतलं जुनंच दाखवत बसला. रविवारी जुन्याची मुदत संपली आणि येणाऱ्या प्रत्येकाला 'कनेक्शन खाजगी नाही' अशी लाल पाटी. नूतनीकरणानंतर त्याला आपोआप रीलोड करणारा, म्हणजे नवं वाचायला लावणारा, डिप्लॉय हुक लावायचा राहिला होता. कुणाचा, ते विचारू नका. माझाच. आधी कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल, तपासली, मग रीलोड. रीस्टार्ट नाही, त्यात चालू ऑर्डरी तुटतात.

मी एंटर दाबला आणि काकांनी "दहा!" म्हणून प्लग लावला. दुकानाच्या कॉम्प्युटरवर साइट उघडली.

"बघा," शेठ म्हणाले, "भाऊजींनी केली."

साइटवर नजर ठेवणाऱ्या माझ्या मॉनिटर प्रोग्रामचा दिवा मात्र सकाळभर हिरवाच होता. कारण तो नुसता पिंग करायचा, म्हणजे 'आहेस का?' एवढंच विचारायचा. पिंगला मशीन उत्तर देतं, दुकान उघडं आहे का ते सांगत नाही. आता तो बाहेरच्या नेटवर्कवरून दर मिनिटाला पूर्ण पान मागवतो, पानावर 'कार्टमध्ये टाका' हे शब्द आहेत का बघतो आणि सर्टिफिकेटचे १४ दिवस उरले की बोंब मारतो.

शेठचं म्हणणं एकच, साइट कायम चालू पाहिजे. कायम म्हणजे किती? ९९.९ टक्के म्हटलं तरी वर्षाला पावणेनऊ तास बंद, महिन्याला ४३ मिनिटं. द्वारका चौकात तेवढा वेळ एका संध्याकाळी जातो, तिथे कुणी कुणाला फोन करत नाही. ९९.९९ हवं तर वर्षाला जेमतेम ५३ मिनिटं मिळतात. त्यासाठी दुसरा सर्व्हर, दोघांत काम वाटून देणारा लोड बॅलन्सर, डेटाबेसची चालती नक्कल. ह्याचा आकडा ऐकला की शेठना ९९ सुद्धा चालतं.

बरं, घात करणाऱ्या गोष्टी कधीच भारी नसतात. डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, नूतनीकरणाची पत्रं सोडून गेलेल्या पोराच्या ईमेलवर जातात. लॉगच्या, म्हणजे नोंदींच्या, फायली साचून डिस्क भरते आणि डेटाबेस लिहायचं थांबवतो. सर्व्हर बदलायच्या आदल्या दिवशी डीएनएसचा (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे तो पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा, ८६४०० वरून ३०० सेकंदांवर आणायचा राहतो, मग दिवसभर निम्मं गाव जुन्या पत्त्यावर. वर्षभर हे सगळं वेळेत केलं तर दिसत काहीच नाही, आणि न दिसणाऱ्या कामाचं बिल बघून शेठ विचारतात, "ह्यात तुम्ही नक्की केलं काय?"

ह्या खेपेला तेही विचारलं नाही. म्हणाले, "तो अलार्म भाऊजींच्या फोनवरपण येऊ द्या. जवळच राहतात, राउटर बघून घेतील."

लगेच नंबर घातला. मला लागोपाठ तीन तपासण्या फसल्या की मेसेज येतो, कारण एखादी उगाचच फसते. काकांना पहिलीलाच. पहाटे तीनला बॅकअप सुरू होताना साइट रोज मिनिटभर अडखळते.