गोलकीकबद्दल फिरणारा मेसेज चुकीचा आहे

मुलांच्या फुटबॉल कोचेसमध्ये एक मेसेज फिरतोय, की 2019 पासून गोलकीक (समोरच्यांकडून बॉल गोललाईनबाहेर गेल्यावर आपल्या गोलसमोरून मारायची किक) शॉर्टच द्यावी लागते, लांब मारली तर फाऊल, आणि बॉक्समध्ये (गोलसमोरच्या पेनल्टी एरियात) बॉल घेणाऱ्या डिफेंडरला दुसरा टच होईपर्यंत कुणी प्रेस करू शकत नाही, म्हणजे बॉल काढायला अंगावर जाऊ शकत नाही. असं काहीही नाहीये.

2019 ला बदललं ते एवढंच की आधी बॉल पेनल्टी एरियाच्या बाहेर गेल्याशिवाय तो इन प्ले, म्हणजे खेळ सुरू झाला असं, धरत नव्हते, आता किक मारली आणि बॉल स्पष्ट हलला की झालं. समोरच्या टीमने तोपर्यंत बॉक्सबाहेर थांबायचं, पण बॉल हलला रे हलला की ते धावत आत येऊ शकतात, आणि नेमकं इथेच हा मेसेज वाचून आलेल्या कोचची पोरं गडबडतात कारण त्यांना वाटतं आपल्याकडे वेळ आहे.

लहान वयोगटात काही ठिकाणी समोरच्यांना अजून मागे, ठरलेल्या लाईनपर्यंत थांबवतात, तो त्या त्या स्पर्धेचा नियम, आधी विचारून घ्या.

आणि मागून, म्हणजे आपल्या गोलपासून पास देत, खेळवायचं म्हणजे लांब पास बंद असं कोणी सांगितलं? बॉल यायच्या आधी खांद्यावरून मागे बघणं, अंग थोडं उघडं ठेवून बॉलपासून लांबच्या पायावर बॉल घेणं, कीपरला जास्तीचा पासर म्हणून वापरणं हे शिकवा, आणि समोरचे सगळेच पुढे चढून आले असतील तर त्यांच्या मागे मोकळी पडलेली जागा बघून बिनधास्त लांब मारू द्या की, त्यावरून पोरांना ओरडू नका.