बिबट्या पोरांना शिकवायचाच कशाला? एका पालकांना उत्तर

भाऊ, नमस्कार. रावेरकडून तुम्ही लिहिलंत, "तिसरी-चौथीच्या पोरांना बिबट्या मान कशी धरतो हे सांगून काय साधतं? पोरं रात्री झोपत नाहीत. वर तुम्ही त्याचं कौतुक करता. फुलपाखरं शिकवा, नाहीतर पिंजरा लावायला शिकवा."

राग कळला. पण भीती मी वर्गात नेली नव्हती, ती आधीच तिथे बसलेली होती. विषय काढायचा अवकाश, एक पोरगा म्हणाला, "बिबट्या आमनं कुत्रं लई गया." याला फुलपाखरं शिकवू?

मानेचं सांगतो ते कारणाने. बिबट्या दबा धरतो, मागून येतो, आणि बुटकं दिसेल ते हेरतो. उभा माणूस सहसा त्याला सावज वाटत नाही. वाकून कापूस वेचणारी बाई किंवा बांधाला परसाकडे बसलेलं पोर वाटू शकतं. हे कळलं की "एकटं बसू नको" या सांगण्याला अर्थ येतो. नुसतं "तिकडे जाऊ नको, बिबट्या येईल" एवढंच ऐकलेलं पोर तो दिसताच पळत सुटेल, आणि पळत्याच्या मागे लागणं हा त्याचा स्वभावच. तोंड त्याच्याकडे ठेवून उभं राहायचं, ओरडायचं, हळूहळू मागे सरायचं. वर्गात करून घेतलं की चौथीच्या पोराला हे सहज जमतं.

कौतुकाचं म्हणाल तर, सातपुड्यातल्या पाड्यांवर वाघदेव पुजतात, आणि तो शेळी नेतो हेही त्यांना पक्कं ठाऊक असतं. मी तर पूजाही सांगितली नाही. तो केळीच्या बागेत का राहतो, एवढंच सांगितलं: सावली, पाणी, लपायला जागा आणि गावाभोवतीची कुत्री-डुकरं. मेलेलं जनावर गावाबाहेर उघड्यावर फेकलं की कुत्री जमतात, कुत्र्यांमागे तो.

पिंजऱ्याचं बोलू. माणसावर हल्ले करणारा पकडावाच लागतो, त्यात वाद नाही. पण नुसता दिसला म्हणून उचलून नेला, तर मोकळ्या हद्दीत दुसरा येऊन बसतो. बागेत पिल्लं सापडली तर हात लावायचा नाही, आई बहुतेक वेळा रात्री येऊन नेते. १९२६ वर वनखात्याला फोन करायचा. हा नंबर पोरांना पाठ आहे.

रात्रीच्या लाईटला पाणी भरायला पोर तुमच्यासोबत बॅटरी धरून येत असेल, तर तिथे माझा वर्ग पोचत नाही. त्याला मागे रेंगाळू देऊ नका, दोन मोठ्यांच्या मध्ये चालवा. आणि मोबाईलवर गाणी मोठ्याने लावली तर लावू द्या.