ड्रायव्हर बदलला की झालं? जरा थांबा

माझा भाचा गेल्या वर्षी मेनफ्रेमच्या (बँका-विमा कंपन्यांचे ते मोठाले संगणक) एका प्रकल्पावर लागला. परवा रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला: "मावशी, आमच्या सरांनी हे ग्रुपवर टाकलंय आणि त्यांना ते पटलंय. बघ ना जरा." खाली ती सगळीकडे फिरणारी पोस्ट. आधी दोघांनी पाठवली तेव्हा मी सोडून दिली होती. पण असला बदल व्हायच्या वीकएंडला घरातलंच पोरगं ड्युटीवर बसणार म्हटल्यावर गप्प बसवेना.

पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं. मेनफ्रेम मेलेला आहे. त्यावरच्या डेटापर्यंत नेणारं जुनं मिडलवेअर, म्हणजे डेटा आणि बाहेरचे प्रोग्रॅम यांच्या मधला सॉफ्टवेअरचा थर, म्हणजे नुसता नळ. तो काढा, नवा ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम) बसवा, कनेक्शन स्ट्रिंग (डेटाबेसच्या पत्त्याची ओळ) बदला, शनिवार-रविवारात काम फत्ते. डेटा जागचा हलत नाही, म्हणून धोका शून्य. मिप्सचा, म्हणजे मेनफ्रेमच्या प्रोसेसरच्या वापराचा, खर्चही शून्य. उरलंसुरलं कोबोल (मेनफ्रेमवरची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) एआय बघून घेईल.

मेलेल्याचं आधी उरकते. आयबीएमची सिस्टिम/३६० ही मेनफ्रेम जाहीर झाली १९६४ साली, आणि त्याच वंशातला झेड१७ आयबीएमने आणला २०२५ साली. पुढे चला.

माझं डोकं फिरलं ते "नुसता नळ" या शब्दांवर. ज्याने हे लिहिलंय त्याने आयुष्यात एकदाही कॉपीबुक (रेकॉर्डमध्ये कुठे काय आहे ते सांगणारा कोबोलचा तक्ता) उघडलेलं नाही, हे मी पैजेवर सांगते. आयएमएस घ्या. अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी साठच्या दशकात जन्माला आलेला हा डेटाबेस. त्यात टेबलं नाहीत, आई-बापाखाली पोरं असावीत तशी सेगमेंटची, म्हणजे नोंदीच्या तुकड्यांची, उतरंड आहे. एसक्यूएल, म्हणजे टेबलांना प्रश्न विचारायची भाषा, त्याला मुळात कळत नव्हती. व्हीसॅम या मेनफ्रेमच्या फाइलप्रकारात तर बाइटची नुसती रांग. अकराव्या बाइटपासून काय आहे हे फाइल सांगत नाही, कोबोलचं कॉपीबुक सांगतं. त्यातही रिडिफाइन्स (त्याच जागेला दुसरी व्याख्या देणारा कोबोलचा शब्द) असेल तर त्याच बाइटचा अर्थ रेकॉर्डच्या प्रकाराप्रमाणे बदलतो: एका प्रकारात ती रक्कम, दुसऱ्यात तारीख. हे सगळं टेबलासारखं दिसावं म्हणून मिडलवेअरच्या कॅटलॉगमध्ये कुणीतरी वर्षानुवर्षं बसून नकाशे बांधलेले असतात. तो कॅटलॉग बऱ्याचदा सोर्स कोडच्या साठ्यात नसतोच. नळ म्हणून तुम्ही जे काढून फेकणार आहात, त्यात डेटाचा अर्थ लिहिलेला आहे.

एक आकडा घेऊन बघा. उणे १२५, कॉम्प-३ मध्ये, म्हणजे कोबोलच्या अंक दाटून ठेवायच्या पद्धतीत. दर बाइटात दोन अंक, आणि अगदी शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह: 'सी' म्हणजे अधिक, 'डी' म्हणजे उणे. नव्या थराने ते फील्ड मजकूर समजून एब्सिडिकमधून (मेनफ्रेमचे अक्षरसंकेत) आस्कीत (बाकीच्या संगणकांचे) नेलं तर आकड्याचा चिवडा होतो. हे तरी बरं, चिवडा डोळ्याला दिसतो. तारखांचं दुखणं जास्त वाईट. ०१२४३६६ ही तारीख आहे: पुढचं शून्य भरतीचं, मग शतकाचा एक अंक, वर्ष २४, वर्षातला ३६६वा दिवस, म्हणजे ३१ डिसेंबर २०२४. जुन्या थराला हे ठाऊक होतं. शिवाय शून्य म्हणजे "तारीख नाही" आणि सगळे नऊ म्हणजे "कधीच संपत नाही", हेही कुणीतरी त्याला शिकवलं होतं. नव्या ड्रायव्हरला ते कोण शिकवणार? कनेक्शन स्ट्रिंग?

आता क्रमवारी. एब्सिडिकमध्ये आधी लहान लिपीतली अक्षरं, मग मोठी, आणि अंक सगळ्यात शेवटी. आस्कीत नेमके अंक आधी. "ए ते ९ यांच्या मधलं सगळं" ही अट मेनफ्रेमवर ढीगभर ओळी आणते. नव्या थराने ओळी खेचून घेऊन तीच अट स्वतःच्या इंजिनात तपासली, तर एकही ओळ येत नाही आणि एररही येत नाही. एका ठिकाणी (नाव सांगत नाही) दोन याद्या ताडून बघणारा रात्रीचा जॉब होता. एक यादी मेनफ्रेमवरची, दुसरी बदलानंतर नव्या सर्व्हरवर क्रम लावून यायला लागली. अक्षराने सुरू होणारं प्रत्येक खातं दोन्ही बाजूंना "जोडी सापडली नाही" म्हणून छापून आलं. रिटर्न कोड मात्र शून्य, म्हणजे जॉबच्या मते सगळं ठीक. दोन दिवस आम्ही नेटवर्कला शिव्या घालत होतो.

"डेटा हलत नाही म्हणून धोका नाही" हे वाक्य तर फ्रेम करून टांगावं असं आहे. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एका वीकएंडला ५२ लाख ग्राहकांना नव्या प्रणालीवर नेलं. मान्य, तिथे सगळी प्रणालीच बदलली, नुसता मधला थर नव्हे. पण तिथल्या नियामकांनी काय नोंदवलं ते बघा: डेटा नीट पोचला होता. कोलमडली ती त्या डेटापर्यंत नेणारी यंत्रणा. लोकांना स्वतःच्या खात्यात शिरता येईना. दोन डेटा सेंटर होती, आणि भाराची चाचणी त्यांतल्या एकावरच झाली होती. गाडी पूर्ण रुळावर यायला डिसेंबर उजाडला. डिसेंबर २०२२ मध्ये दोन नियामकांनी मिळून ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. डेटा सुरक्षित होता, बरं का.

आता जड मनाने एक मान्य करते. डेटा फक्त डीबी२ मध्ये, म्हणजे आयबीएमच्या टेबलांच्या डेटाबेसमध्ये असेल, तर पोस्टमध्ये थोडं तथ्य आहे. डीआरडीए हा डेटाबेसशी दुरून बोलायचा खुला प्रोटोकॉल आहे आणि जेडीबीसी ड्रायव्हर (जावा प्रोग्रॅमांचा) त्यावरून मेनफ्रेमशी थेट बोलतो, त्यामुळे मधला गेटवे सर्व्हर खरोखर काढता येतो. मी स्वतः काढलेत. आयएमएसलाही आता असे ड्रायव्हर आहेत, पण नकाशे त्यांनाही पुरवावेच लागतात. आणि डीबी२ मध्येही एक मेख आहे. जुने प्रोग्रॅम स्टॅटिक एसक्यूएलवर चालत, म्हणजे प्रश्न आधीच ठरवून एका पॅकेजमध्ये बांधलेले; तिथे हक्क पॅकेज चालवण्याचा असे, टेबलाचा नव्हे. ड्रायव्हरवरून डायनॅमिक एसक्यूएल (ऐनवेळी रचलेले प्रश्न) यायला लागलं की टेबलावरच हक्क मागितला जातो. मग रात्री दोन वाजता कुणीतरी वैतागून एका सामाईक आयडीला सगळ्या टेबलांची मोकळीक देऊन टाकतं. त्यानंतर लॉगमध्ये प्रत्येक माणूस एकच माणूस दिसतो. यावर ट्रस्टेड कॉन्टेक्स्टची (सामाईक कनेक्शनमागचा खरा माणूस डीबी२ला कळवायची) सोय आहे, पण ती मागून ठिगळासारखी लावायची गोष्ट नाही.

मिप्स: डीआरडीएवरून आलेल्या कामाचा काही भाग झिप प्रोसेसरवर (मेनफ्रेममधला वेगळा प्रोसेसर, ज्याचा वापर बिलात धरत नाहीत) जातो, तेवढी बचत होते. कोबोलमध्ये लिहिलेली स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसच्या बाजूला ठेवलेला प्रोग्रॅम) तिकडे जात नाही. आणि आयएमएसमध्ये की नसलेल्या, इंडेक्स नसलेल्या फील्डवर कुणी हौशीने अट टाकली की अख्खा डेटाबेस मुळापासून वाचला जातो, तेव्हा शून्य कुठे जातं ते बिलात दिसेलच. एआयबद्दल एवढंच: जे ज्ञान कोडमध्ये नसून कॅटलॉगमध्ये आहे, ते कोड वाचून त्याला कळणार नाही.

भाच्याला मी लिहिलं: सरांशी वाद घालू नकोस. त्या कॅटलॉगची निर्यात आधी काढून घे आणि सोर्स कोडशेजारी ठेव. सामाईक आयडी कुणी मागितला तर लेखी माग म्हण. जुना आणि नवा थर निदान एक महिनाअखेर शेजारी शेजारी चालव, दोन्हींची उत्तरं बाइटनिशी ताडून बघ. आणि ताडणारा जॉब लिहिशील तेव्हा दोन्ही याद्यांचा क्रम एकाच जागी लाव रे बाबा.