वाळलं का?

लग्नामुंजीत मी दिसलो की आमची आत्या शेजारच्या बाईला हमखास सांगते, "ह्याचे लंगोट धुतलेत मी." ऑफिसात मला बढती मिळाली, हाताखाली चाळीस माणसं आली, तेव्हा पेढे घेऊन तिच्याकडे गेलो. पेढा तोंडात टाकून ती म्हणाली, "असशील बाबा मोठा. तुझे लंगोट धुतलेत मी." इतकी वर्षं मला तो वाक्प्रचार वाटत होता, 'हे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत' त्याच जातीतला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री पावणेदोनला बायकोचा हेअर ड्रायर हातात धरून मुलीच्या कापडी डायपरमधल्या एका इन्सर्टला, म्हणजे आतल्या शोषणाऱ्या घडीला, वारं घालत बसलो होतो, तेव्हा लक्षात आलं की आत्या साधी वस्तुस्थिती सांगत होती.

चूक एकच झाली. निर्णय मे महिन्यात घेतला.

आमची कन्या एप्रिलच्या शेवटी जन्मली. नवं बाळ दिवसाला दहा-बारा डायपर सहज संपवतं. सकाळी कचरा न्यायला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेची ताई यायची. तिच्या हाताला घाण लागू नये म्हणून डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, ही पुण्यातली पद्धत. ती मी इमानेइतबारे पाळत होतो. पण रोज बारा ठिपके काढताना माणसाचं मन खातं. शेवटी मी कापडी डायपरचा अभ्यास केला. कापडी चोवीस, त्यांच्या आत घालायची इन्सर्ट छत्तीस. किंमत इथे सांगत नाही, कारण घरातही अजून खरी सांगितलेली नाही.

विकणाऱ्या बाईंच्या व्हिडिओत 'दिवसाला फक्त दहा मिनिटं' असं होतं. मे महिन्यातल्या पुण्यात ते खरंही वाटलं. अकराच्या उन्हात घातलेलं इन्सर्ट एक वाजता पापडासारखं कडक. पिवळे डागसुद्धा उन्हानं आपोआप उडायचे. मी मित्रांना ज्ञान द्यायला लागलो. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याचा २००८ सालचा एक अहवाल मला सापडला होता, तो मी भेटेल त्याला ऐकवायचो. त्यात म्हटलंय की कापडी लंगोटांचा पर्यावरणाला फायदा होतो, पण कधी? ड्रायर न वापरता दोरीवर वाळवले, मशीन पूर्ण भरून लावलं आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलालाही वापरले तर.

"दुसरं मूल?" बायको म्हणाली. "लंगोटांचं भांडवल वसूल व्हायला?"

मी विषय दोरीवर नेला. दोरी आपल्या हातात आहे, असं तेव्हा वाटत होतं.

आता धुण्याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडतो. बांबूचं कोरं इन्सर्ट पाणी शोषत नाही, वरच्या वर ढकलून देतं. चार-पाच वेळा धुतल्यावर ते कामाला लागतं. म्हणजे मुलीनं पहिली शू करायच्या आधीच आमचं मशीन पाच वेळा फिरलं होतं. नंतरचं रोजचं: ओल्या डायपरच्या खिशातून इन्सर्ट ओढून काढायचं (ह्याला उपमा देत नाही), शी असेल तर संडासातल्या जेटनं उडवायची, बादलीत टाकायचं. संध्याकाळी मशीनला आधी नुसत्या पाण्याचा एक फेरा, मग गरम पाण्याचा मोठा. आमचं मशीन दोन तास दहा मिनिटं दाखवतं आणि शेवटचं 'एक मिनिट' सात मिनिटं चालवतं. मग एकेक नग, दोन-दोन चिमटे. वाळल्यावर करंजीत सारण भरावं तसं खिशात इन्सर्ट भरायचं. कोपऱ्यात दुमड राहिली तर करंजीसारखंच तेही फुटतं.

कपड्यांना मऊपणा आणणारं ते निळं सुगंधी पाणी चालत नाही. त्याचा थर बसतो आणि कापड शोषायचं थांबतं. आईनं मायेपोटी ते दोनदा घातलं. बाळाच्या अंगाला लावायच्या पांढऱ्या मलमाचंही तेच. महिन्यातून आठ दिवस आमच्या सोसायटीत बोअरचं जड पाणी येतं, त्यात साबण निघता निघत नाही. धुणंभांड्याच्या मावशींनी पहिल्याच दिवशी हात वर केले. "दादा, धुणं म्हणजे धुणं. हे धुण्यात येत नाही." पगार वाढवून विचारलं, तर म्हणाल्या, "हे पैशातबी येत नाही."

सगळं धरून माझा रोजचा दीड तास जायचा. तेवढा तर मी मोबाइलवर दुसऱ्यांची भांडणं वाचण्यात घालवतो. धुण्याबद्दल माझी तक्रार नाहीच.

मग पाऊस सुरू झाला.

पुण्याच्या पावसाला कोकणासारखा जोर नसतो, चिकाटी असते. दिवसभर नुसती भुरभुर. कपडे भिजवण्याइतका तो पडत नाही आणि वाळवण्याइतका थांबत नाही. डायपरचं बाहेरचं कापड सहा तासांत वाळायचं, पण बांबूच्या इन्सर्टला चार-चार थर. दोन दिवस लागायला लागले, मग अडीच. रोज आठ डायपर, रात्री दुहेरी इन्सर्ट. गणित सोपं आहे, आम्ही बुडत होतो.

पुणेकर जुलैत रोज सकाळी एकच बातमी बघतो: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साठा किती झाला. चारी धरणांची क्षमता २९ टीएमसी. मीही फ्रिजवर तसाच तक्ता लावला. क्षमता छत्तीस. त्यातली शोषेनाशी झालेली पाच 'मृत साठा'. आजचा उपयुक्त साठा: नऊ. गेल्या चोवीस तासांतला विसर्ग: दहा. धरणांचा आकडा चढला की आमचा उतरायचा. टेमघरला शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याचं वाचून वडील खूश झाले, मी जेवलो नाही.

हॉलमध्ये तीन दोऱ्या बांधल्या. बाहेरच्या बाजूला कपडे वाळत घालू नयेत असा सोसायटीचा नियम आहे, इमारतीची शोभा जाते म्हणून. आत आमची शोभा गेली तरी चालते. पंखा दिवसरात्र पाचवर. त्याच्या बरोबर खालची जागा मोक्याची; तिथे कुणाला बसवायचं याचा निर्णय मी घ्यायचो. रात्री लागणारी इन्सर्ट मध्यभागी, सकाळची कडेला, आजोबांचा स्वेटर सोफ्यावर. पाहुणे आले की वाकून यायचे. फ्रिजच्या मागची ऊब, इस्त्री, सगळं करून झालं. घाईत एकदा बाहेरच्या कापडावर इस्त्री फिरवली. त्याच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, ही गोष्ट मला इस्त्रीनं शिकवली. ती इस्त्री आता फक्त पडद्यांना वापरतो.

आणि वाळलंय हे ओळखायचं कसं? पावसाळी हवेत गार कापड आणि ओलं कापड हाताला सारखंच लागतं. मी म्हणायचो वाळलं, बायको म्हणायची दमट, आई दोन बोटांत चुरगाळून म्हणायची, "शंका आहे." घरात 'उठलात का', 'जेवलात का' हे प्रश्न बंद पडले. उरला एकच: "वाळलं का?" सासूबाईंचा फोन आला, "बाळ कसं आहे?" मी सवयीनं म्हणालो, "दमट."

वेळ जातो तो इथे. काम असं काही नसतं, पण सगळा दिवस त्याच दोरीवर लटकलेला असतो. मीटिंगमध्ये तिमाहीचे आकडे चालू असताना माझं लक्ष खिडकीबाहेरच्या ढगाकडे. रविवारी ऊन पडलं आणि आम्ही चौघं जेवणाच्या ताटावरून उठून गच्चीत धावलो. ऊन अकरा मिनिटं होतं. आमटी गार झाली.

"आम्ही शेगडीवर वेताची टोपली उपडी घालायचो," आई म्हणाली. "त्यावर लंगोट पसरायचे. निखाऱ्यांवर ओवा टाकला की धुरीपण मिळायची."

घरात इंडक्शन आहे. त्यावर टोपली कशी तापणार, यावर मी खरोखरच पाच मिनिटं विचार केला, यावरून माझी अवस्था कळावी.

साठा शून्यावर आला त्या संध्याकाळी वडिलांनी कपाटातून जुनं धोतर काढून दिलं. धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. आईनं टर्रकन फाडून त्याचे त्रिकोणी लंगोट केले. एकच थर! पंख्याखाली तासाभरात वाळायचे. मी नाचायचाच बाकी होतो. चोवीस डायपरांचे पैसे आठवून थोडं दुखलं, ते गिळलं.

सुख दीड दिवस टिकलं. एकच थर, म्हणजे एका शूमध्ये लंगोट, दुपटं, गोधडी आणि ज्याच्या मांडीवर बाळ आहे तो माणूस, सगळे ओले. दिवसाला पंचवीस लंगोट, बारा दुपटी, माझ्या चार पायजम्यांसकट. आधी वाळायला जाणारा वेळ आता बदलण्यात जाऊ लागला. शाळेत ऊर्जेबद्दल शिकवलेलं, ती निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही, ते लंगोटालाही लागू आहे.

रात्रीपुरता विकतचा एक डायपर आम्ही परत सुरू केला. पुडकं तांदळाच्या डब्यामागे असतं. रोज एक ठिपका.

मागच्या शनिवारी साताऱ्याहून आत्या आली. मी तिला दारातच विचारलं, "आत्या, तू माझे नक्की किती लंगोट धुतलेस?"

"मोजलेत कुणी? ऑगस्टात जन्मलास तू, मेल्या. ऑगस्टात!" ती चपला काढता काढता म्हणाली. "घरात बाया पाच, पण लग्नाची मी एकटी राहिलेली, म्हणून धुणं माझ्याकडे. एफ.वाय.ला होते. सकाळी बादली, मग कॉलेज. प्रॅक्टिकलला टेबलावर शेजारी कुणी उभं राहायचं नाही. एटीकेटी लागली मला, तुझ्या पायी. तुझ्या बापाला विचार."

वडील पेपरात धरणांचा साठा बघत होते. त्यांनी पान उलटलं.

मी एटीकेटीचं काही बोलू शकलो नाही. तिला हॉलमध्ये नेलं, दोऱ्यांखालून वाकवून, पंख्याखालच्या मोक्याच्या जागेपाशी उभं केलं. सकाळपासून ज्याच्यावर आमचं एकमत होत नव्हतं ते इन्सर्ट काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते बोटांनी चाचपलं नाही. चष्मा वर सरकवला, इन्सर्ट गालाला लावलं आणि डोळे मिटले. आम्ही चौघं श्वास रोखून उभे होतो.

"दमट," आत्या म्हणाली, आणि परत दोरीवर टाकलं.